गिटार आली, पण अर्थिंग कुठंय?

जुन्या वस्तूंचं कुठलंही ॲप उघडा, शहर 'पुणे' टाका आणि 'इलेक्ट्रिक गिटार' शोधा. काय दिसेल ते मी न बघता सांगते. 'दोनच महिने वाजवलीये', 'कंडिशन एकदम नवी', 'वेळ मिळत नाही म्हणून देतोय', 'रूम सोडतोय, अर्जंट'. आता शहर बदलून 'धाराशिव' टाका. मी टाकलं होतं तेव्हा एक कीबोर्ड, दोन ढोलक्या आणि एका ट्रॅक्टरचा टेप आला होता.

म्हणून माझी गिटार पुण्याहून आली. हॉस्टेलवर राहणाऱ्या एका मुलाकडून, साडेपाच हजारांत, बॅग आणि केबलसकट. अनोळखी माणसाकडे एकटीनं जायला नको म्हणून मावसभावाला सोबत नेलं. त्यानं दहा मिनिटं गिटार तपासल्यासारखं केलं (त्याला त्यातलं काही कळत नाही). रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं अडीचशे किलोमीटर मी ती मांडीवर घेऊन बसले, डिक्कीत टाकायचा धीर झाला नाही. सकाळी घरी आल्यावर आजीनं ती उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "अगं, हिला पोटच न्हाई. वाजंल कशी?"

प्रश्न एकदम बरोबर होता. तंबोऱ्याला भोपळा असतो, तुणतुण्याला चामडं लावलेलं पोट असतं, साध्या गिटारीला पोकळ पेटी असते. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे भरीव लाकडाची फळी. तारा पोलादाच्या, आणि त्यांच्या खाली लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. त्याला पिकअप म्हणतात. तार हलली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज तयार होते, ती केबलमधून अँपमध्ये जाते आणि तिथं मोठी होते. म्हणजे हिचं पोट बाहेर आहे, भिंतीतल्या प्लगला जोडलेलं. हे लक्षात ठेवा, कारण सगळी भानगड पुढं तिथंच आहे.

आधी ही गिटार स्वस्त का मिळते ते बघू. फेंडर ही अमेरिकेतली जुनी आणि मोठी गिटार कंपनी. तिचे प्रमुख म्हणून अँडी मूनी यांनी काही वर्षांपूर्वी कंपनीचा अंदाज सांगितला होता. नव्या गिटारी घेणाऱ्यांपैकी जवळपास ४५ टक्के लोक पहिल्यांदाच घेणारे असतात आणि त्यातले ९० टक्के पहिल्या वर्षातच सोडून देतात. कंपनीला हा तोटा वाटला म्हणून २०१७ मध्ये त्यांनी शिकवणारं ॲप काढलं. पण आपल्यासारख्यांच्या बाजूनं हाच आकडा वाचला तर तो पुरवठ्याचा आकडा आहे. दरवर्षी शंभरातले नव्वद जण हौस संपवून गिटार कपाटावर ठेवणार, आणि रूम सोडताना ती विकणार. त्यात २०२० आलं. लॉकडाऊनमध्ये जगभर लोकांनी गिटारी घेतल्या, फेंडरचं ते तोवरचं सगळ्यात मोठं वर्ष ठरलं. त्या गिटारींची बोटं सोलवटणारी पहिली तीन महिने सरल्यावर काय झालं असेल, हे तुम्हीच सांगा.

करही आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हातानं बनवलेली देशी वाद्यं करमुक्त राहिली, बाकीच्या वाद्यांना २८ टक्क्यांच्या खणात टाकलं गेलं. ओरड झाल्यावर त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून ते १८ टक्के झालं. दुकानातली नवी गिटार घेणारा हा कर भरतो. तुम्ही एखाद्या मुलाकडून त्याची वापरलेली गिटार घेता तेव्हा तो व्यापारी नसतो, त्यामुळे वर काही कर नाही. त्याचा भरून झालेला असतो. म्हणून 'दुसऱ्याचं वापरलेलं कशाला' असं घरात कुणी म्हणालं तर हा हिशोब सांगा. मी आईला सांगितला होता. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, आता ती कुठं ठेवणार ते सांग."

तुम्ही घेणार असाल तर तपासायचं काय? रंग आणि ओरखडे सोडून द्या, त्यानं आवाज बदलत नाही. गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरा आणि दांड्याकडं बघा. दांडा धनुष्यासारखा फार वाकला असेल किंवा पिळला असेल तर उठून निघा. थोडा बाक असला तर आतल्या लोखंडी सळईनं तो सरळ करता येतो, पण ती सळई फिरते का हे विचारा. प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर वाजवून बघा, कुठं घरघरते का. मग अँपला जोडून आवाजाचं बटण पूर्ण फिरवा. खरखर आली तर धूळ असते, ती साफ होते. आवाज येतो-जातो असं असेल तर केबल खुपसायच्या जॅकची जोडणी सुटलीये, म्हणजे पन्नास रुपयांचं काम, पण भाव हजारानं पाडता येतो. आणि समोरचा 'मी आर्मीत आहे, बदली झालीये, क्यूआर स्कॅन करा' म्हणाला तर ते गिटारीचं प्रकरण नाही. पैसे घेण्यासाठी कुणालाच पिन टाकावी लागत नाही. फसलाच तर सायबर हेल्पलाइन १९३० आहे, पण वस्तू हातात आल्याशिवाय पैसे नाहीत हा नियम पाळला तर फोन करायची वेळच येत नाही.

एक गोष्ट विक्रेता सांगत नाही, कारण पुण्यात त्याला ती जाणवलेली नसते. आपला मे महिना. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, धातूच्या पट्ट्या मात्र आकसत नाहीत, त्यामुळे दांड्याच्या कडेनं पट्ट्यांची टोकं बाहेर येतात आणि हाताला करवतीसारखी लागतात. मला वाटलं फसवलं त्यानं. नंतर कळलं की उन्हाचा प्रताप आहे. गिटार बॅगेत ठेवायची, कूलरसमोर नाही आणि पत्र्याखाली तर मुळीच नाही. आणि गंमत म्हणजे ती पट्ट्यांची काळपट फळी बऱ्याच गिटारींवर शिसवीची असते. आपली भारतातली शिसव, जुन्या वाड्यांतल्या कपाटांची. ती जगभरच्या गिटार कारखान्यांत जाते. जानेवारी २०१७ पासून तिच्या कुळातल्या सगळ्या झाडांच्या लाकडावर आंतरराष्ट्रीय व्यापारात परवान्याची अट आली, गिटार कंपन्यांची धावपळ उडाली, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. त्यामुळे 'हे काय विदेशी खूळ' असं कुणी म्हणालं तर त्याला फळी दाखवा.

विदेशी-देशीचा हा वाद मला एका दुरुस्तीच्या निमित्तानं जास्त नीट कळला. तीन महिन्यांत माझा जॅक सुटला. धाराशिवात गिटार दुरुस्त करणारा शोधून सापडेना. मोबाइलच्या दुकानातल्या दादानं हात लावायला नकार दिला. शेवटी एका बेंजो पार्टीवाल्या काकांनी चहा होईपर्यंत डाग देऊन दिला. पैसे घेतले नाहीत. मी विचारलं तुम्हाला गिटारीचं कसं कळतं, तर त्यांनी स्वतःचा बेंजो उघडून दाखवला. पोलादी तारा, खाली चुंबक आणि तांब्याचे वेढे, तसाच जॅक, तशीच केबल. लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकीत आपण ज्याच्यावर नाचतो ते वाद्य म्हणजे विजेवर घेतलेला बुलबुल तरंग. त्याचं मूळ १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी बनवलेल्या वाद्यात आहे, टायपरायटरसारख्या कळा लावलेल्या. जपानहून आलं, इथं वीज प्याललं आणि इतकं आपलं झालं की रवी जाधवनं २०१६ मध्ये त्याच्यावर हिंदी सिनेमा काढला, नावच 'बँजो'. तेव्हा आपल्या जिल्ह्यात इलेक्ट्रिक तंतुवाद्य नवीन नाही. ते वाजवणारे आणि दुरुस्त करणारे हातही आहेत. आपण त्यांच्याकडं या नजरेनं बघत नाही इतकंच.

काकांनी डाग देताना एक प्रश्न विचारला होता. "घरात अर्थिंग हाय का?" मी हो म्हणाले. तीन पिनांचा सॉकेट होता ना घरात.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. एका कॉलेजच्या गॅदरिंगला (कुठलं ते सांगत नाही) मी गिटार घेऊन स्टेजवर उभी होते. डावा हात तारांवर, तोंड माइकजवळ. ओठ माइकच्या जाळीला लागले आणि चटका बसला. मुंगी चावल्यासारखा नाही, कानशिलात मारल्यासारखा. मी मागं सरकले, लोकांना वाटलं घाबरली. साउंडवाला दादा म्हणाला, "होतं असं, चप्पल घालून वाजवा." मी चप्पल घालून वाजवलं. आज त्याचा विचार केला की पोटात गोळा येतो.

झालं काय होतं? गिटारीच्या तारा आतून एका वायरनं अँपच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. तो सांगाडा प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेतून जमिनीला जोडलेला असावा अशी रचना असते. ती पिन म्हणजे अर्थिंग. ती जागेवर असेल तर सांगाड्यात कुठं वीज गळली तरी ती जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. ती नसेल तर गळलेली वीज सांगाड्यात, म्हणजे तारांत, म्हणजे तुमच्या हातात येऊन थांबते. माइक दुसऱ्याच बोर्डावरून आलेला. हाताशी एक दाब, ओठाशी दुसरा, आणि मधली वायर तुम्ही. गळती थोडी असेल तर चटका. फेज थेट सांगाड्याला लागली असेल तर २३० व्होल्ट, छातीच्या आरपार. ३ मे १९७२ रोजी इंग्लंडच्या शेजारी वेल्समध्ये, स्वान्सी गावात, 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वी भरल्या कार्यक्रमात असाच गेला. एक हात गिटारीवर, दुसऱ्या हातानं माइक धरला, माइकला अर्थिंग नव्हतं.

तुम्ही गिटार वाजवत नसाल आणि 'आपल्याला काय' म्हणत असाल, तर लॅपटॉप चार्जिंगला लावा आणि त्याच्या धातूच्या भागावरून हळूच हात फिरवा. मुंग्या आल्यासारखं झालं ना? अनेक चार्जरना तिसरी पिन नसते, किंवा असते पण तिच्या मागं भिंतीत काहीच नसतं. आपल्याकडं तर तीन पिनांचा प्लग दोन भोकांच्या बोर्डात बसत नाही म्हणून तिसरी पिन पकडीनं मोडायची पद्धतच आहे. माझ्या अँपची आधीच्या मालकानं मोडलेली होती. सेकंडहँडमध्ये हेही मिळतं.

घरातलं अर्थिंग तपासायला वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकाच्या मागं वायरच नव्हती. भाड्याचं घर, बांधणाऱ्यानं सॉकेट छान लावला आणि वायर वाचवली. काका शांतपणे म्हणाले, दहातल्या किती घरांत असं असतं ते विचारू नका. जिथं असतं तिथंही एक अडचण, ती आपल्या भागाची खास. अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेली धातूची पट्टी किंवा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. जमीन ओली असेल तरच ती वीज नीट ओढून घेते. मुरमाड जमीन, मार्च-एप्रिलपासून खडखडीत. माती सुकली की अर्थिंग कागदावर राहतं. खेड्यात उन्हाळ्यात डीपीच्या बुडाशी लोक घागरभर पाणी ओततात ते तुम्ही बघितलं असेल. ती अंधश्रद्धा नाही, ते बरोबर भौतिकशास्त्र आहे.

आणि इथं मला जिल्ह्याविषयी बोलायचंय. २०१८ मध्ये नीती आयोगानं देशभरातून आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते. नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आपण. या जिल्ह्यांना गुण मिळतात. आरोग्य आणि पोषणाला ३० टक्के वजन, शिक्षणाला ३०, शेती आणि पाण्याला २०, आर्थिक समावेशन आणि कौशल्याला १०, पायाभूत सुविधांना १०. शेवटच्या दहामध्ये किती घरांत वीजजोडणी आहे हे मोजलं जातं. जोडणी म्हणजे मीटर आणि दोन वायरी. तिसरी वायर आहे का, ती जमिनीपर्यंत पोचते का, हे त्या गुणांत येत नाही. सॉकेट दिसतो, फोटोत येतो. खड्डा दिसत नाही. आपण आकडा सुधारला म्हणून अभिनंदनाचे फ्लेक्स लावतो आणि त्याच फ्लेक्सखाली मांडवात उघड्या जोडाची वायर पावसाच्या पाण्यातून गेलेली असते.

कला, वाद्यं, सभागृह हा तर त्या यादीत विषयच नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कुपोषणाच्या शेजारी गिटारीला गुण मागणं बरं दिसत नाही. पण अर्थिंग ही गिटारीची गरज नाहीच. ती मोटर चालू करायला ओल्या पायानं जाणाऱ्या शेतकऱ्याची, फ्रिजचं दार उघडणाऱ्या तुमच्या आईची, गिझरखाली उभ्या राहणाऱ्या तुमची गरज आहे. गिटारीनं फक्त ते ऐकू येईल असं केलं. अँप लावल्यावर जी सलग गुणगुण येते ना, ती विजेची असते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं पूर्ण करते. ५० हर्ट्झ हा संगीतात साधारण खालच्या सप्तकातला जी येतो, म्हणजे पांढरी पाच, किंचित चढी. महावितरणचा स्वर पांढरी पाच. अर्थिंग नसलं की हा स्वर मोठा होतो, आणि तारांना हात लावला की कमी होतो, कारण तेव्हा जमिनीचं काम तुमचं शरीर करायला लागतं.

गणपती आणि नवरात्र जवळ आलेत. मांडव पडतील, तुळजापूरच्या वाटेवर स्टेज लागतील, ऑर्केस्ट्रा येतील, बेंजोही येतील, आणि आमच्यासारखे दोन-चार गिटारवाले 'एक गाणं वाजवू द्या ना' म्हणत मागं लागतील. महावितरण दरवर्षी मंडळांना अधिकृत तात्पुरती जोडणी घ्या, अर्थिंग करा असं सांगतं. मंडळातल्या किती जणांनी ते पत्रक वाचलंय ते तुमच्या चौकात विचारून बघा. वर्गणीच्या हिशोबात लायटिंगचे, साउंडचे, हाराचे पैसे असतात. त्यात एका ओळीची भर घालायला सांगा, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. ही एक डबी असते, गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की ती लाइन तोडते, माणसाच्या अंगातून गेलेल्या विजेचा फरक धरून. अर्थिंगच्या ऐवजी नाही, अर्थिंगच्या सोबत. मंडळानं नाहीच ऐकलं तर निदान स्वतःची काळजी घ्या. तीनशे-चारशे रुपयांचा मल्टिमीटर बॅगेत ठेवा. एक टोक गिटारीच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. काटा किंवा आकडा दोन-चार व्होल्टच्या वर गेला तर गाऊ नका, साउंडवाल्याला बोलवा. तो चप्पल घाला म्हणाला तर तुम्ही खाली उतरा. मी उतरायला हवं होतं. माइकवर फोमची टोपी लावली तर ओठ जाळीला लागत नाहीत, तेही चालेल. बिनवायरचा माइक मिळाला तर सगळ्यात बरं.

आमच्याकडं आता परसात खड्डा झालाय. घरमालकांना पटवायला दोन आठवडे गेले, शेवटी निम्मे पैसे त्यांनी दिले, निम्मे आम्ही. पाइप, कोळसा, मीठ, वायर आणि मजुरी मिळून गिटारीच्या किमतीच्या जवळ गेलं. अँपला नवा तीन पिनांचा प्लग बसवला. रात्री घरातले झोपल्यावर मी अँप न लावताच वाजवते, तेव्हा तिचा आवाज डास गुणगुणल्याएवढाच येतो, दोन खोल्यांच्या घरात हा फार मोठा फायदा आहे. पांढरी पाच पूर्ण गेलेली नाही. माझ्या गिटारीतले पिकअप एकेरी वेढ्याचे आहेत, ते ट्यूबलाइटचा आवाज पकडतात, ट्यूब बंद केली की शांत होतात. चटका मात्र बंद झाला. आजीला मी सांगितलंय की उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी पडलं पाहिजे. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ती भांडी विसळलेलं पाणी तिथं नेऊन ओतते आणि विचारते, "पोट भरलं का गं हिचं?"